रेसिडेंटनी फक्त पेपर ‘टाकायचा’, की जर्नलच्या आतलं कामही शिकायचं? (मिरज-सांगलीकडच्यांसाठी, पण सगळ्यांनी लिहा)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मिरजेत मेडिसिनला तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट (एमडी करणारी निवासी डॉक्टर) आहे. थिसिस जमा झालाय, परीक्षा पुढे आहे आणि मधल्या काळात एक विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमच्याकडे पेपरचा विषय निघाला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कुठे टाकायचा, किती पैसे पडतात, किती दिवसांत अ‍ॅक्सेप्ट होतो. आधीच्या नियमांत एमडी-एमएसच्या परीक्षेला बसायचं तर एक पोस्टर, परिषदेत एक पेपरवाचन आणि एक शोधनिबंध, तिन्ही लागायचं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ते सैल केलं. पोस्टर, तोंडी सादरीकरण किंवा प्रथम लेखक म्हणून पेपर, यांतलं एक पुरतं. चांगलं झालं. पण आपला पेपर पलीकडे कोण वाचतं, कसं वाचतं, कशासाठी परत पाठवतं, हे तीन वर्षांत आम्हाला कुणीही शिकवत नाही.

मला ते बघायला मिळालं, कारण आमच्या एका सरांकडे रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी तपासायला, एक हस्तलिखित आलं होतं. त्यांनी जर्नलच्या संपादकांना रीतसर विचारून मला सोबत घेतलं. ते कशावर होतं हे इथे लिहिणार नाही, रिव्ह्यूचं हस्तलिखित गोपनीय असतं. पण सरांनी समासात काढलेले प्रश्न वाचताना जाणवलं की यातले बहुतेक प्रश्न आपण पेशंटच्या खाटेपाशी विचारायला हवेत.

आपल्या भागातलंच उदाहरण घेते. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. शरीरात दारूचं विघटन करणाऱ्या साखळीत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम आहे, ते या रसायनाने अडतं. त्यामुळे दिवसभर पेस्ट लावलेल्या माणसाने संध्याकाळी थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. दारू सोडवायला डायसल्फिराम देतात, त्यावर प्यायल्यावर होते तशीच रिअ‍ॅक्शन. आता असा माणूस रात्री अकराला कॅज्युअल्टीत आला आणि केस पेपरवर ‘दारू प्यायला, उलट्या, बीपी लो’ एवढंच लिहिलं गेलं, तर तो दारूचा पेशंट ठरतो. सलाइन लागतं, सकाळी घरी जातो आणि दोन दिवसांनी परत बागेत.

हीच केस कुणी जर्नलला पाठवली तर रिव्ह्यूअर काय विचारेल? त्या दिवशी काम काय केलं होतं? हातमोजे होते का? शेवटचा हात लावल्यापासून पहिल्या घोटापर्यंत किती तास गेले? नेहमीपेक्षा जास्त प्यायला होता का? सोबतच्या मजुरांपैकी आणखी कुणाला झालं का? पाचही प्रश्न हिस्ट्रीचे आहेत. पेशंट घरी गेल्यावर त्यांची उत्तरं मिळत नाहीत, मग इंग्रजी कितीही सुधारा. ज्याने चार-पाच हस्तलिखितं अशी चाळणी लावून वाचली आहेत, तो रेसिडेंट त्या रात्री ‘आज कुठे कामाला गेला होता?’ असं विचारल्याशिवाय राहणार नाही. संपादनाचा पहिला फायदा पेशंटला होतो, पेपरचा नंबर नंतर, हे माझं म्हणणं आहे.

बाहेर हे नवीन नाही. लंडनच्या ‘बीएमजे’ या जर्नलमध्ये वैद्यकीय विद्यार्थी क्लेग स्कॉलर म्हणून काही आठवडे संपादकीय विभागात काम करत आलेत. ‘न्यू इंग्लंड जर्नल’ आणि ‘जामा’मध्ये तरुण डॉक्टरांसाठी वर्षभराच्या संपादकीय फेलोशिप आहेत. आणि हे सगळं लंडन-बॉस्टनलाच जमतं असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आणि सेठ जीएस कॉलेजच्या शिक्षकांनी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवलंय, तेही गर्दीने भरलेल्या महापालिकेच्या रुग्णालयातून.

आपल्याकडे १८९४ मध्ये वानलेस हॉस्पिटल उभं राहिलं, १९६२ पासून शासकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आणि भारती हॉस्पिटल आहे, पलीकडे कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. इतके पेशंट, इतके रेसिडेंट. मग हस्तलिखित वाचायला शिकवणारा एखादा गट का नसावा? तुमचे अनुभव लिहा, विरोधही लिहा.

ऑर्थो_जेआर२

ताई, विरोध लिहा म्हणालात म्हणून लिहितो. कळकळ पोचली, पण आमच्याकडे छत्तीस-छत्तीस तासांची ड्यूटी चालते. इमर्जन्सी संपली की ड्रेसिंग, ड्रेसिंग संपलं की डिस्चार्ज कार्डं. त्यात दुसऱ्यांचे पेपर तपासायचे कधी?

दुसरं जास्त महत्त्वाचं. माझ्या ओळखीतल्या एकाने सगळा डेटा गोळा केला, पेशंटना फोन करून फॉलोअपला बोलावलं, एक्स-रे मोजले. पेपर आला तेव्हा त्याचं नाव चौथं, आणि पहिली दोन नावं अशांची की ज्यांनी तो वाचलाही नव्हता. कोणतं कॉलेज ते लिहीत नाही. ही परिस्थिती असताना आणखी बिनपगारी काम रेसिडेंटच्या गळ्यात घालू नका. ‘संपादन शिक’ म्हणायचं आणि वरिष्ठांचे रिव्ह्यू आपल्याकडून लिहून घ्यायचे, असंच होईल.

पीएसएम_मास्तर

ऑर्थोवाल्या मित्रा, तुझं दुसरं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्यासाठीच मी या मुलीच्या बाजूचा आहे. मी निवृत्त झालो, आयुष्य पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवण्यात गेलं. नियम माहीत नसलेला रेसिडेंट भांडू शकत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७८ मध्ये काही जर्नलांचे संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले आणि हस्तलिखित कसं असावं याचे समान नियम केले. त्यातून आजची आयसीएमजेई ही संपादकांची समिती उभी राहिली. लेखक कोणाला म्हणायचं याच्या तिच्या चार अटी आहेत. अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक सुधारणा करण्यात हात हवा. छापायच्या अंतिम प्रतीला संमती हवी. आणि उद्या प्रश्न उभा राहिला तर उत्तर द्यायची जबाबदारी घेतलेली हवी. चारही एकदम. विभागप्रमुख आहे म्हणून, खाट त्यांच्या युनिटची आहे म्हणून, निधी त्यांनी आणला म्हणून लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे, ती जागा वेगळी असते.

यात एक मेख आहे, ती रेसिडेंटच्या बाजूची आहे. पहिली अट ज्याने पूर्ण केली त्याला दुसरी-तिसरी पूर्ण करायची संधी दिलीच पाहिजे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे डेटा तुझ्याकडून घ्यायचा आणि मसुदा दाखवायचाच नाही, मग ‘तू लिहिलं नाहीस’ म्हणून नाव गाळायचं, हे चालत नाही. माझा सल्ला असा की सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहितानाच नावांचा क्रम एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. शेवटी विषय काढला की नाती बिघडतात, सुरुवातीला काढला की फारसं कुणाला खटकत नाही.

वरिष्ठांचा रिव्ह्यू गुपचूप लिहून देणं हे मात्र साफ चूक. संपादकाच्या परवानगीशिवाय हस्तलिखित तिसऱ्याला दाखवायचं नसतं, आणि मदत घेतली तर मदत करणाऱ्याचं नाव संपादकाला कळवायचं असतं. धागाकर्तीच्या सरांनी केलं तेच बरोबर.

वेळेबद्दल. लॅंगरहान्सने स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांचं वर्णन केलं ते १८६९ मध्ये, वैद्यकीय विद्यार्थी असताना, प्रबंधासाठी. तो काळ वेगळा, मान्य. आजच्या रेसिडेंटला छत्तीस तास राबवून वर संशोधन मागणं अन्यायाचंच आहे, तो लढा वेगळा लढावा लागेल. पण जर्नल क्लब तर सगळीकडे होतोच ना? तिथे छापून आलेला पेपर वाचून दाखवतात आणि सगळे मान डोलावतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा आपल्यातल्याच कुणाचा कच्चा मसुदा ठेवा. वेळ तोच, फक्त वाचायचा कागद वेगळा.

रेकॉर्डरूम

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या एमआरडीत (जुन्या फायली ठेवतात त्या विभागात) क्लार्क आहे, सांगलीकडचाच. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो.

थिसिसची तारीख जवळ आली की मुलं-मुली येतात. ‘काका, अमुक साली अमुक आजाराच्या फायली काढून द्या.’ मी काढून देतो. मग तिथेच बसून कपाळाला हात. वजन लिहिलेलं नाही, किती वाजता आणलं ते नाही, ‘विषबाधा’ लिहिलंय पण कोणतं औषध ते नाही. काही फायलींवर अक्षर असं, की ज्याने लिहिलं त्यालाही लागत नाही. मला वाईट वाटतं ते यासाठी की ही फाइल दोन-तीन वर्षांपूर्वी यांच्यासारख्याच एका रेसिडेंटने लिहिलेली असते.

महापुरात, २०१९ ला, सांगलीतल्या कितीतरी घरांतले लोकांचे जुने रिपोर्ट पाण्यात गेले. नंतर ते आमच्याकडे नक्कल मागायला आले. तेव्हा कळलं की आमच्याकडचा कागद हा त्या माणसाचा एकमेव कागद असू शकतो. कृष्णाकाठची मॅडम म्हणतात तसं पेपर तपासायला शिकून जर केस पेपर नीट लिहिले जाणार असतील, तर हे काम पहिल्या वर्षालाच शिकवा. तिसऱ्या वर्षी फार उशीर होतो.

तासगाव_बागायतदार

डॉक्टर, ते पेस्टचं वाचलं आणि जेवण सोडून लिहायला बसलो. आमची बाग आहे, छाटणी झाली की पेस्ट लावायला टोळी येते. संध्याकाळी पोरांचे चेहरे लाल व्हायचे, छातीत कसंतरी होतंय म्हणायची. आम्ही आजवर म्हणायचो उन्हानं झालं, नाहीतर दारूच भेसळीची हुती. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय पण वाचतंय कोण? इंग्रजीत असतंय, आणि टोळीतल्या निम्म्यांना मराठीबी वाचता येत नाही.

हे तुमच्या जर्नलमध्ये छापून आलं तर आमच्यापर्यंत कसं येणार? रागानं विचारत नाही. आमच्या माणसांच्या अंगावर झालेलं तुम्ही लिहिणार, ते इंग्रजीत कुठंतरी छापणार, आणि आमी पुढच्या छाटणीला तेच करणार. एवढं मात्र बघा.

मुद्रितशोधक

तासगावकर दादांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यावर धागाकर्तीने उत्तर द्यावं. मी माझ्या बाजूचं लिहितो. वैद्यकीय जर्नलांसाठी कॉपी एडिटिंग करतो, सांगलीत घरी बसून.

रेसिडेंटच्या मनात संपादन म्हणजे इंग्रजी दुरुस्ती. इंग्रजी हा त्यातला सोपा भाग. मी पहिल्यांदा सारांश आणि तक्ते शेजारी ठेवतो. सारांशात ६४ पेशंट, तक्त्यात बेरीज ६२. दोन कुठे गेले? कदाचित फॉलोअपला आले नाहीत, कदाचित दगावले. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लेखकाला विचारल्याशिवाय मी काहीच करू शकत नाही. मग टक्केवारी. बारा पेशंटपैकी एकाला त्रास झाला तर लोक ८.३३ टक्के लिहितात. एवढ्या लहान गटात दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे खोटी अचूकता दाखवतात. ‘बारापैकी एक’ लिहा, वाचणाऱ्याला जास्त कळतं.

डोसच्या बाबतीत तर हात थरथरतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपट फरक, आणि मायक्रोचं ग्रीक चिन्ह फाँट बदलला की कधी कधी नुसता ‘एम’ होऊन बसतं. म्हणून ते अक्षरात लिहायला सांगतो. दशांशाच्या आधीचं शून्य गाळू देत नाही, कारण .५ मधला टिंब पुसट छापला की ५ होतो. कोणीतरी रात्री दोन वाजता मोबाइलवर तो तक्ता उघडून इंजेक्शन भरणार असतं.

आणि संदर्भ. एकाने दुसऱ्याच्या पेपरातून उचललेला संदर्भ, तो त्याने तिसऱ्याकडून उचललेला, आणि मुळात पहिल्या लेखकाने उलटंच म्हटलेलं. मूळ पेपर उघडून ती ओळ शोधायची सवय ज्याला लागली त्याला पुढे कुणी औषध कंपनीचं माहितीपत्रक हातात दिलं तरी तो तळटीप बघतो. रेसिडेंटना सुरुवातीला द्यायचं असेल तर हे काम द्या. दहा संदर्भ, मूळ पेपर उघडून पडताळायचे. यात अनुभव लागत नाही, चिकाटी लागते.

कराडची_इंटर्न

मी इंटर्न आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, ‘४८ तासांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह, इंडेक्स्ड’. आमच्या बॅचमधल्या काहींनी पैसे भरलेत. चांगलं-वाईट जर्नल ओळखायचं कसं? आणि चॅटजीपीटीने केस रिपोर्ट नीट करून घेतला तर चालतं का? पुढे पेपरचा उपयोग होतो म्हणतात म्हणून विचारतेय.

कृष्णाकाठची

@कराडची_इंटर्न, प्रश्न अगदी योग्य आहेत. ४८ तासांत पेपर छापतात याचा अर्थ तो कुणीही वाचलेला नाही. जर्नलचं नाव एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये शोध, तिथे सध्या ते मेडलाइनमध्ये, म्हणजे त्यांच्या निवडक जर्नलांच्या सूचीत, आहे की नाही ते दिसतं. खुलं, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत आहे का बघ. ‘आम्ही कोपचे सदस्य’ असं वेबसाइटवर लिहिलेलं असतं (कोप म्हणजे प्रकाशनातल्या नीतिनियमांची समिती), ते कोपच्या स्वतःच्या यादीत जाऊन तपास. गूगल स्कॉलरवर दिसणं किंवा इंडेक्स कोपर्निकसचा आकडा असणं म्हणजे मेडलाइन नव्हे. जेफ्री बील या ग्रंथपालाने लुबाडणाऱ्या प्रकाशकांची यादी ठेवली होती, ती जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. त्यामुळे ‘बीलच्या यादीत आमचं नाव नाही’ या जाहिरातीला आज अर्थ नाही. आणि संपादक मंडळातल्या एखाद्या नावाला सरळ ईमेल करून विचार. काहींना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं.

बॅचमेट्सना सांग की पैसे गेले तर गेले, पण तिथे एकदा छापलेली केस दुसऱ्या चांगल्या जर्नलला देता येत नाही. तो पेशंट, त्याची संमती, सगळं वाया जातं. मला पैशांपेक्षा याचा जास्त त्रास होतो.

चॅटजीपीटीबद्दल आयसीएमजेईने २०२३ मध्येच लिहिलंय की एआय लेखक होऊ शकत नाही, आणि वापरलं तर कशासाठी ते उघड सांगायचं. भाषा सुधारून घेऊन तसं नमूद केलंस तर बहुतेक जर्नलं चालवून घेतात, तरी त्या-त्या जर्नलचा नियम वाच. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस, अस्तित्वात नसलेले पेपर खऱ्यासारखे लिहून देतं. पेशंटची ओळख पटेल असं काहीही त्यात टाकू नकोस. आणि रिव्ह्यूसाठी आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित तर कधीच नाही.

केस रिपोर्टसाठी केअर नावाची १३ मुद्द्यांची यादी २०१३ मध्ये आली. ती आधी वाच आणि पेशंट वॉर्डात असतानाच भरायला घे. त्यात एक मुद्दा पेशंटला स्वतःला काय वाटलं याचा आहे. तो आपल्याकडे जवळपास कुणी लिहीत नाही.

साताऱ्याचा_जीपी

मी एमबीबीएस, साताऱ्याजवळ प्रॅक्टिस करतो. तुमच्या चर्चेत कॉलेज, थिसिस, गाइड यांचाच उल्लेख येतोय, म्हणून लिहितो.

हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम महाडकडे, रायगड जिल्ह्यात केलं. प्राझोसिन या औषधावरचं त्यांचं लेखन १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबतची चाचणी ‘बीएमजे’त. तिकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांचे आजार मोजले आणि १९८९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’ने छापलं. यांच्यापाशी कॉलेजचा मोठा विभाग नव्हता. पेशंट होता, वही होती आणि नोंदी कटाक्षाने ठेवायची शिस्त होती.

आमच्याकडे पावसाळ्यात पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून माणूस येतो, अंगावर चावल्याची खूण सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपला होता का, हा प्रश्न विचारला की मण्यार डोक्यात येते. न विचारला तर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन घेऊन तो घरी जाऊ शकतो, आणि घरी श्वास थांबू शकतो. धागाकर्तीचा पेस्टचा मुद्दा मला म्हणूनच पटला. माझी विनंती एवढीच की गट सुरू केलात तर आम्हा जीपींनाही घ्या. आमच्याकडे केसेस आहेत, पण लिहायला लागलो की एथिक्स कमिटी कुठली, संमतीचा फॉर्म कसा, इथेच अडकतो.

पीएसएम_मास्तर

डॉक्टर, एका-दोघांच्या केस रिपोर्टला पेशंटची लेखी संमती ही मुख्य गोष्ट. ती त्याला समजेल अशा मराठीत घ्या, आणि हे इंटरनेटवर जगात कुणालाही वाचता येईल हे त्यात स्पष्ट लिहा. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, हे आयसीएमजेईला मान्य नाही. त्याने ओळख लपत नाही. गावाचं नाव तर टाकूच नका. ‘अमुक गावचा पंचेचाळीस वर्षांचा द्राक्षबागेतला मजूर’ म्हटलं की तालुक्यातल्या कुणालाही तो माणूस कळतो.

जास्त पेशंटचा अभ्यास असेल तर आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात आणि कमिटीची मंजुरी काम सुरू करण्याआधी लागते, नंतर मिळत नाही. स्वतःची कमिटी नसेल तर जवळच्या नोंदणीकृत कमिटीशी करार करता येतो.

आणि मूळ माहिती जपून ठेवा. २०२० च्या जूनमध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, ‘लॅन्सेट’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल’ या दोघांनाही सर्जिस्फिअर कंपनीच्या डेटावरचे पेपर मागे घ्यावे लागले, कारण मूळ डेटा तपासायला मिळेना. कंपनीबाहेरच्या सहलेखकांनीही तो पाहिलेला नव्हता. जगातले नामवंत संपादक तिथे चुकले. तेव्हा ‘मूळ फाइल दाखव’ असं मित्राला म्हणायची भीड बाळगू नका.

ऑर्थो_जेआर२

मास्तर, चार अटींचा आणि ‘संधी दिलीच पाहिजे’ हा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या थिसिसचं सिनॉप्सिस झालंय, पण पेपर अजून लिहिलेला नाही. गाइडशी या आठवड्यात बोलतो. जर्नल क्लबच्या जागी कच्चा मसुदा ठेवायचं असेल तर माझा ठेवा. ड्यूटीबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे.

कृष्णाकाठची

कायम राहू दे, ते खरंच आहे. म्हणून गटाचे नियम वेळ बघून ठरवूया. महिन्यातला एक रविवार, संध्याकाळी, विश्रामबागेत कुणाच्या तरी घरी. एकावेळी एकच मसुदा, आदल्या बुधवारपर्यंत सगळ्यांना पोचलेला. केस असेल तर केअरची यादी, निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची. प्रत्येकाने एक शेरा लेखी द्यायचा आणि तो पेपर सुधारणारा हवा, लेखकाला बोलणारा नको. पेशंटची ओळख काढल्याशिवाय मसुदा आणायचा नाही. मदत केली म्हणून कुणाचं नाव लेखकांत जाणार नाही, आभारात जाईल. मुद्रितशोधकांनी पहिल्या वेळी तक्ते कसे तपासायचे ते दाखवावं, ही विनंती. साताऱ्याचे डॉक्टर ऑनलाइन येऊ शकतील. पहिला मसुदा ऑर्थोचा.

रेकॉर्डरूम काका, तुम्हीही या. एखादी केस लिहायची तर फाइलमध्ये किमान काय असायला हवं, हे तुम्ही सांगितलेलं रेसिडेंटना जास्त पटेल.

तासगावकर दादा, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर सर्वांत जास्त विचार केला. आमच्या गटातून जे काही स्थानिक आजारावर लिहिलं जाईल, त्याचं एक पानभर मराठी टिपण त्याच वेळी लिहायचं आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी वाचून दाखवायचं, असा नियम मी मांडते. जर्नलं छापण्याआधी लेखाचा सारांश कुठे द्यावा याबद्दल काटेकोर असतात, त्यामुळे टिपणात पेशंटची केस येणार नाही. धोका कसा ओळखायचा आणि काय करायचं एवढंच. ते तर आधीपासून माहीत असलेलं ज्ञान आहे, त्यासाठी पेपरची वाट बघायला नको.

तोवर एवढं टोळीला सांगा. पेस्टच्या कामाच्या आधी आणि नंतर दारू नाही, किती काळ ते डब्यावरच्या सूचनांत बघा. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, जेवायच्या आधी साबणाने हात. कुणाला त्रास झालाच तर दवाखान्यात डबा किंवा त्याचा फोटो घेऊन या आणि ‘आज पेस्ट लावली’ हे पहिलं वाक्य सांगा.

तासगाव_बागायतदार

सांगतो. डब्याच्या चारी बाजूंचे फोटो उद्या काढून टाकतो. आमच्याकडं छाटणीला अजून वेळ आहे, तवर ते मराठीतलं एक पान झालं तर शेडमध्ये लावतो, आणि टोळीच्या मुकादमाला वाचून दाखवायला सांगतो. कन्नडमध्ये पण करता येईल का बघा, जतच्या पलीकडनं येणारी माणसं हायत.

रेकॉर्डरूम

कन्नड मी करून देतो. घरात दोन्ही भाषा चालतात. मराठी पान तयार झालं की पाठवा.